कुरव केवढा हवा?

कोकणचा समुद्रकडा आणि त्याच्यासमोरून जाणारा कुरव, म्हणजे सीगल, कॅमेऱ्याच्या एकाच चौकटीत घ्यायचा, तर आधी पक्ष्याचा आकार ठरवावा लागतो. पक्षी मोठा आला की ते सरळ पक्ष्याचं छायाचित्र होतं, आणि कडा बिचारा मागे पडद्यासारखा उभा राहतो. पक्षी नसलाच, तर उरतात दगडाचे नुसते पट्टे. मग समोर शेताचा बांध आहे की शंभर फुटांचा कडा, पाहणाऱ्याला काही पत्ता लागत नाही. चित्रकार वासुदेव गायतोंडे आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हणवून घ्यायला तयार नसत, ‘वस्तुनिरपेक्ष’ म्हणत. कॅमेऱ्याला ती चैन परवडत नाही, त्याच्यासमोर वस्तू असतेच. त्यामुळे अर्धंच अमूर्त व्हायचं आणि उरलेल्या अर्ध्याची जबाबदारी एका पांढऱ्या ठिपक्यावर टाकायची, हा मला सगळ्यात प्रामाणिक मार्ग वाटतो.

हिशोब सोपा आहे. फुल-फ्रेम, म्हणजे ३६ मिमी रुंद सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर ३०० मिमीची लेन्स लावली आणि कडा १५० मीटरवर असला, तर चौकटीत साधारण १८ मीटर रुंदीचा दगड मावतो. मोठ्या कुरवाच्या पंखांचा पसारा सव्वा ते दीड मीटर, म्हणजे चौकटीच्या तेराव्या भागाएवढा. माझ्या मते ही वरची मर्यादा. याहून मोठा झाला की डोळा आधी चोच शोधतो. त्याच जागेवरून ७० मिमी लावली तर ७७ मीटर कडा येतो, आणि ६००० पिक्सेलच्या रुंदीत कुरव शंभरेक पिक्सेलचा उरतो. भिंतीवर लावायच्या मोठ्या प्रिंटला हे झकास, मोबाइलच्या पडद्यावर मात्र ते लेन्सवरच्या धुळीसारखं दिसतं. आकाश आणि क्षितिज दोन्ही कापावीत. क्षितिजाची रेघ आली की चौकट लगेच ‘निसर्गदृश्य’ होऊन बसते.

जागा म्हणून रत्नागिरीचा रत्नदुर्ग घ्या. किल्ला घोड्याच्या नालेसारखा वाकलेला आहे, आणि या कामाला तोच आकार उपयोगी पडतो. कोकणचे बहुतेक कडे पश्चिमेकडे तोंड करून उभे. माथ्यावर उभं राहिलं तर पायाखालचा कडा दिसत नाही, समोर फक्त चकाकणारं पाणी. दीपगृहाच्या बाजूने बालेकिल्ल्याकडे पाहिलं की कड्याचं अंग तिरकं समोर येतं. सकाळी ते स्वतःच्याच सावलीत असतं. हिवाळ्यात सूर्य नैर्ऋत्येकडे कललेला असल्याने साडेचारनंतर त्यावर आडवा उजेड पडतो आणि जांभ्याचं, म्हणजे कोकणातल्या तांबड्या सच्छिद्र दगडाचं, एकेक छिद्र उठून दिसतं. पक्षीही त्याच सुमाराला मिळतात, कारण मिरकरवाड्याच्या बंदराकडे परतणाऱ्या मासेमारी बोटींच्या मागे कुरवांचे थवे असतात. कुरव हा हिवाळी पाहुणा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा त्याचा हंगाम.

आता भरती-ओहोटी. कड्याचे रंग आडव्या पट्ट्यांत येतात: वर जांभ्याचा तांबडा, त्याखाली कोरडा करडा दगड, आणि पाण्यालगत शेवाळ्याचा काळा-हिरवा. हा शेवटचा पट्टा सुकतीला, म्हणजे ओहोटीलाच, उघडा पडतो, आणि पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाच्या दिवसांत सगळ्यात रुंद. पंचांगाचा जुना हिशोब इथे अजून चालतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, त्यात सव्वासहा तास मिळवले की साडेपाचच्या आसपास पूर्ण ओहोटी. रत्नागिरीत भरती मुंबईच्या थोडी आधी येते, म्हणजे आणखी बरं. मोठी ओहोटी आणि तिरका उजेड एकाच संध्याकाळी गाठ घालतात. भांगाच्या दिवसांत, अष्टमीच्या आसपास, ओहोटी दुपारी उरकते आणि तीही अर्धवटच.

खरी गंमत शटरमध्ये, म्हणजे ते किती वेळ उघडं ठेवायचं यात, आहे. कुरव सेकंदाला दहा मीटरच्या आसपास उडतो. शटर १/८ सेकंद ठेवलं तर तेवढ्यात तो सव्वा मीटर सरकतो, जवळजवळ आपल्याच पंखांच्या पसाऱ्याएवढा. पक्षी ओळखू येतो, पण ओला रंग बोटाने ओढावा तसा. अर्धा सेकंद ठेवलं तर तो पाच मीटर सरकतो. साठ सेंटिमीटरचं अंग प्रत्येक बिंदूवर एकूण वेळेच्या आठव्या भागापुरतंच थांबतं, म्हणजे त्याचा पांढरेपणा तीन स्टॉपने उतरतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). काळ्या ओल्या खडकासमोर पुसट रेघ तरी राहते, उजळ पाण्यासमोर पक्षी गायबच. मधे १/३ सेकंद आहे. पंखांची फडफड सेकंदाला तीनेकदा होते, त्यामुळे एवढ्या वेळात पंखाच्या टोकाची एक पूर्ण लाट उमटते. ही लाट मला सगळ्यात आवडते.

साडेपाचच्या उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि लेन्सचं छिद्र एफ/११ ठेवलं तर शटर साधारण १/६० येतं. तीन स्टॉपचा एनडी, म्हणजे उजेड अडवणारा काळसर फिल्टर, लावला की १/८, सहा स्टॉपचा लावला की एक सेकंद. छिद्र एफ/१६हून लहान करून वेळ वाढवू नये, विवर्तनाने, म्हणजे बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याने, सगळा दगडच मऊ पडतो. कॅमेरा मुद्दाम हलवायचा असेल तर पट्ट्यांच्या दिशेने, आडवा, आणि शटर दाबण्याआधीच हलायला लागावं. थांबलेल्या हाताने सुरुवात केली की रेघेच्या टोकाला गाठ दिसते. गडद दगडामुळे मीटर फसतो आणि पांढरा पक्षी जळतो, म्हणून एक स्टॉप कमी. हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, तिन्ही रंगांचा वेगवेगळा पाहावा. जांभ्यावर संध्याकाळचं ऊन पडलं की लाल आधी फुटतो, आणि एकत्रित आलेख मात्र सगळं ठीक असल्याचं सांगत राहतो.

दुपारी खारे वारे सुटतात आणि लेन्सवर मिठाचा थर बसतो. कोरड्या कापडाने घासू नये, मिठाचे कण काचेला ओरखडतात. आधी गोड्या पाण्याने ओलसर केलेलं कापड, मग कोरडं. उन्हात तापलेल्या सड्यावरची, म्हणजे कड्यामाथ्याच्या खडकाळ पठारावरची, हवाही थरथरते, म्हणून भर दुपारी ३०० मिमीने काढलेला कडा फोकस बरोबर असूनही धूसर येतो. लेन्सला दोष देण्यात अर्थ नाही. कड्याच्या टोकापासून मात्र दोन-तीन मीटर मागेच राहावं. जांभ्याखालची मऊ माती पाण्याने झिजते आणि वरचा थर छज्जासारखा पुढे लटकत राहतो. टोकाला समांतर भेग दिसली की ट्रायपॉड उचलून मागे यावं.

पक्षी किती, हा प्रश्न उरतोच. एक असला की कड्याला मोजमाप मिळतं. दोन आले की त्यांच्यात काहीतरी चाललंय असं वाटू लागतं, नवरा-बायको की भांडण, आणि दगडाकडे कोणी बघत नाही. बारा-पंधरा आले की पुन्हा नक्षी होते आणि काम जमतं. संगणकावर निवड करताना म्हणूनच दोन कुरवांची चित्रं मी आधी बाजूला काढतो, कितीही सुरेख असली तरी.