कायेनमध्ये मागे पडलेलं घड्याळ

1672 च्या फेब्रुवारीत ज्याँ रिशे हा फ्रेंच खगोलनिरीक्षक ला रोशेल बंदरातून निघाला आणि एप्रिलमध्ये दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, कायेनला उतरला. विषुववृत्ताच्या जेमतेम पाच अंश उत्तरेला असलेली ही फ्रेंच वसाहत. सामानात दुर्बिणी, कोन मोजायची मोठी यंत्रं आणि लंबकाची घड्याळं होती. खर्च राजाचा, म्हणजे चौदाव्या लुईचा. काम ठरवून दिलेलं होतं: विषुववृत्ताजवळून सूर्य आणि ग्रहांच्या जागा मोजायच्या आणि त्या शरद ऋतूत पृथ्वीच्या फार जवळ येणाऱ्या मंगळाचं स्थान टिपायचं. त्याच वेळी पॅरिसमध्ये खगोलशास्त्रज्ञ कासिनी मंगळ पाहणार होता. पॅरिस आणि कायेन यांच्यात सुमारे सात हजार किलोमीटरचं अंतर. दोन टोकांवरून मंगळ ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर किंचित सरकलेला दिसतो. तो फरक मिळाला की मंगळाचं अंतर मिळतं आणि मंगळाचं मिळालं की केप्लरच्या नियमांनी सूर्याचंही.

ते मिळालं. कासिनीने काढलेलं सूर्याचं अंतर आजच्या मापात साधारण 14 कोटी किलोमीटर भरतं. खरं अंतर 14 कोटी 96 लाख. त्याआधीच्या पिढीतला केप्लर सव्वादोन कोटीच्या आसपास होता. एका निरीक्षणमोहिमेने सूर्यमाला सहापटीहून मोठी झाली.

मला मात्र त्या मोहिमेतली दुसरी गोष्ट जास्त मोठी वाटते. ती कोणी शोधायला गेलेलं नव्हतं. पॅरिसमध्ये नीट लावलेलं घड्याळ कायेनमध्ये रोज दोन-अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. रिशेने ताऱ्यांवरून वेळ पडताळली आणि बरोबर एका सेकंदाला एक झोका देणारा लंबक तिथेच नव्याने जुळवला. त्याची लांबी पॅरिसपेक्षा सव्वा 'लाइन' कमी भरली. लाइन म्हणजे फ्रेंच इंचाचा बारावा भाग, सव्वादोन मिलीमीटर. म्हणजे मीटरभर लांबीत फरक तीन मिलीमीटरपेक्षाही कमी. एवढ्यावर न थांबता त्याने हे मोजमाप दहा महिने, दर आठवड्याला पुन्हा पुन्हा केलं. सोबत आलेला मदतनीस कायेनमध्येच वारला. रिशे स्वतः आजारी पडून 1673 मध्ये परतला, तेव्हा पॅरिसमधल्या काही विद्वानांना वाटलं की चूक त्याच्या हाताची आहे.

मी अकरावीला भौतिकशास्त्र शिकवते. साध्या लंबकाचा प्रयोग दरवर्षी असतो: दोरा, धातूचा गोळा, वीस आंदोलनांचा वेळ, आलेख. उत्तर 9.8 च्या आसपास आलं की जर्नलवर सही. मुलांच्या उत्तरांत शंभरात एक-दोनचा फरक सहज पडतो. रिशेचा फरक हजारात तीनचा होता. आमच्या स्टॉपवॉचवर तो पकडायचा म्हटलं तर जमणार नाही. त्याने तो दमट हवेत, आजारपणात, सतराव्या शतकातल्या घड्याळावर पकडला आणि त्यावर विश्वास ठेवला. या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे, हे आधीच सांगते, कारण पुढचं त्याच्या विरोधात वाचलं जाऊ नये.

उष्णतेने दांडी लांबली असेल, ही शंका तेव्हाही निघाली. हिशेब करून बघा. लोखंडाची मीटरभर दांडी वीस अंशांनी तापली तरी पाव मिलीमीटरच वाढते. त्यातून तीन मिलीमीटर निघत नाहीत. म्हणजे कायेनमध्ये वस्तूचं वजनच पॅरिसपेक्षा कमी भरत होतं. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, विषुववृत्ताजवळ तो वेग जास्त, म्हणून ओढ थोडी कमी होते. पण नुसत्या फिरण्याचा हिशेब मांडला तर फरकाचा सुमारे दोन तृतीयांश भागच जमतो. फळ्यावर हे गणित मांडल्यावर उरलेला एक तृतीयांश कुठून येतो हे मी मुलांना विचारते, आणि तो क्षण मला फार आवडतो. उरलेला भाग पृथ्वीच्या आकाराचा आहे. ती मध्यावर फुगलेली आहे, म्हणून कायेन पृथ्वीच्या केंद्रापासून पॅरिसपेक्षा जास्त दूर आहे. न्यूटनने 1687 मध्ये हेच मांडलं: पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे, सुमारे 230 भागांत एक भाग. आजचा आकडा 298 भागांत एक.

आता कायेनबद्दल. तिथे मूळचे कालिना लोक राहत होते. फ्रेंचांनी 1643 मध्ये वसाहत करायचा प्रयत्न केला. त्यांचा म्होरक्या इतका क्रूर निघाला की तो मारला गेला आणि वसाहत मोडली. पुढे डच आले, 1664 मध्ये फ्रेंचांनी ती जागा परत घेतली, 1667 मध्ये इंग्रजांनी येऊन लुटली. रिशे पोचला तेव्हा तिथे ऊस होता आणि आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम तो पिकवत होते. तो परतल्यावर तीनच वर्षांनी, 1676 मध्ये, डचांनी कायेन पुन्हा घेतलं आणि त्याच वर्षाअखेर फ्रेंचांनी ते सोडवलं. लंबकाची ती दहा महिन्यांची मोजणी या धुमश्चक्रीच्या एका शांत फटीत झाली.

हे सगळं एका माणसाच्या टेबलावरून चाललं होतं. त्याचं नाव कोलबेर, लुईचा मंत्री. 1664 मध्ये त्याने वेस्ट इंडीज कंपनी काढली, 1666 मध्ये विज्ञान अकादमी, 1667 मध्ये पॅरिसच्या वेधशाळेचं बांधकाम सुरू केलं. कासिनीला इटलीहून आणण्यात त्याचाच हात होता. आणि वसाहतींतल्या गुलामांसाठीचा तो कायदा, 'कोद न्वार', त्याचा मसुदाही त्यानेच सुरू करवला. कोलबेर 1683 मध्ये गेला, मुलाने काम पुरं केलं आणि लुईने 1685 मध्ये सही केली. त्या कायद्यात गुलाम ही जंगम मालमत्ता आहे. महिनाभर पळून राहिलेल्या गुलामाचे कान कापून खांद्यावर राजचिन्हाचा डाग द्यायचा, असं कलम आहे. अकादमी आणि हा कायदा वेगवेगळ्या धड्यांत शिकवले जातात. माझ्या मते ते एकाच पानावर हवेत.

असं का वाटतं, तर न्यूटनच्या 1687 मधल्या 'प्रिन्सिपिया' या ग्रंथामुळे. त्याच्या तिसऱ्या भागातल्या विसाव्या प्रमेयात न्यूटनने लंबकाची मोजमापं एकामागून एक दिली आहेत. शेवटच्या आवृत्तीतली ठिकाणं बघा: कायेन, गोरे, ग्वादलूप, मार्तिनीक, ग्रेनाडा, सेंट किट्स, सां-दोमिंग, पोर्तो बेलो. गोरे हे सेनेगलच्या किनाऱ्यासमोरचं चिमुकलं बेट. गुलामांच्या व्यापाराचं ठाणं म्हणून डच आणि फ्रेंच त्यासाठी भांडत होते. फ्रेंचांनी ते 1677 मध्ये घेतलं आणि पाचच वर्षांनी, 1682 मध्ये, दोन फ्रेंच निरीक्षक तिथे लंबक टांगत होते. तिथून ते ग्वादलूप आणि मार्तिनीकला गेले. हाच आफ्रिकेहून साखरेच्या बेटांकडे जाणारा जलमार्ग. न्यूटन स्वतः यातल्या एकाही ठिकाणी गेला नाही. जिथे जहाजं जात होती तिथूनच त्याला आकडे मिळाले, आणि जहाजं कशासाठी जात होती हे त्या काळात सगळ्यांना ठाऊक होतं. पुढे गुलाम पुरवण्याचा ठेका असलेल्या साउथ सी कंपनीचे शेअरही त्याच्याकडे होते.

त्याच यादीत सेंट हेलेना आहे. दक्षिण अटलांटिकमधल्या त्या बेटावर 1677 मध्ये इंग्रज खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली होता, वय विशीतलं. दुसऱ्या चार्ल्स राजाने शिफारस केली आणि ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या जहाजातून त्याला त्या बेटावर नेलं. बेट कंपनीचंच होतं. दक्षिणेच्या आकाशातल्या 341 ताऱ्यांची यादी करून तो परतला आणि एका तारकासमूहाला त्याने राजाच्या नावाचा ओक वृक्ष बहाल केला. त्याचंही घड्याळ तिथे मागे पडत होतं. लंबक आखूड करायला गेला तर दांडीच्या टोकाचा स्क्रू पुरेना, म्हणून त्याने नट आणि गोळा यांच्या मधे लाकडाची एक कडी घातली. हा तपशील न्यूटनने ग्रंथात जपून ठेवला आहे. प्रयोगशाळेत वर्षं काढलेल्या माणसाला ती कडी डोळ्यांसमोर दिसते.

न्यूटन बरोबर की नाही, यावर फ्रान्समध्ये पुढची पन्नास वर्षं वाद चालला. कासिनीच्या मुलाच्या मोजणीनुसार पृथ्वी चपटी नव्हे, लांबट ठरत होती. निकालासाठी ध्रुवाकडे आणि विषुववृत्ताजवळ जमिनीवर एका अंशाची लांबी मोजायला अकादमीने एक तुकडी युरोपच्या उत्तर टोकाला लॅपलंडला आणि एक दक्षिण अमेरिकेत किटोला पाठवली. किटो स्पेनचं, आणि स्पेन आपल्या वसाहतींत परक्यांना पाऊल टाकू देत नसे. पण स्पेनचा पाचवा फिलिप पंधराव्या लुईचा काका होता. परवानगी मिळाली, सोबत नजर ठेवायला दोन तरुण नौदल अधिकारीही मिळाले: 22 वर्षांचा होर्हे हुआन आणि 19 वर्षांचा अँतोनियो दे उल्योआ. 1735 मध्ये निघालेलं हे पथक अँडीजच्या शिखरांवर वर्षानुवर्षं त्रिकोण मोजत राहिलं. थंडी, आपसातली भांडणं, तुकडीतल्या वैद्याचा कुएंकात झालेला खून. लॅपलंडवाले 1737 मध्येच निकाल घेऊन मोकळे झाले: न्यूटन बरोबर. किटोच्या माणसांनी तरी काम सोडलं नाही. त्यांच्यातला ला कोंदामीन तर परतताना ॲमेझॉनने खाली आला, 1744 मध्ये कायेनला पोचला आणि रिशेचा प्रयोग त्याने त्याच जागी पुन्हा करून पाहिला.

हुआन आणि उल्योआ यांनी स्पेनला परतल्यावर राजासाठी एक गुप्त अहवाल लिहिला. कापड विणण्याच्या कोठ्यांत मूळ रहिवाशांना कोंडून कसं राबवलं जातं, अधिकारी आणि धर्मगुरू त्यांना कसे लुटतात, हे त्यात सरळ लिहिलं आहे. मोजणीसाठी गेलेल्या डोळ्यांनी ते पाहिलं आणि नोंदवलं, याचं मला मोल वाटतं. अहवाल राजाकडे 1749 मध्ये गेला. छापला गेला 1826 मध्ये, तोही लंडनमध्ये.

किटोच्या मोहिमेसाठी (किटो तेव्हा स्पेनच्या पेरूत मोडत होतं) लोखंडाची एक पट्टी घडवली होती, एक त्वाज लांबीची, म्हणजे सुमारे 1.95 मीटर. 'पेरूचा त्वाज' म्हणून 1766 मध्ये ती फ्रान्सचं अधिकृत माप झाली. पुढे क्रांतीनंतर सगळ्या जगाला चालेल असं नवं एकक ठरवायचं होतं. सेकंदाच्या लंबकाची लांबी हाच मीटर धरावा, असा प्रस्ताव होता. अकादमीने 1791 मध्ये तो बाजूला ठेवला. गुरुत्व जागोजागी बदलतं, हे त्यामागचं एक कारण. ते रिशेने कायेनमधून आणलं होतं. मग पृथ्वीच्या परिघावरूनच मीटर ठरला, आणि त्यासाठी लागणारा पृथ्वीचा चपटेपणा काढताना किटोची मोजणी धरली गेली. 1799 मध्ये मीटरची अंतिम लांबी जाहीर झाली: पेरूच्या त्वाजाच्या 443.296 लाइन.