पोपडा सुटतो तो गार होताना

अंबड एमआयडीसीतल्या प्लाझ्मा स्प्रेच्या, म्हणजे तापलेल्या वायूच्या झोतातून पावडर वितळवून धातूवर थर फवारण्याच्या शॉपमध्ये लागून मला सहा महिनेही झाले नव्हते, तेव्हा भट्टीच्या चाचणीचं काम माझ्याकडे आलं. निकेल मिश्रधातूची रुपयाएवढी बटणं, त्यांवर वरचा थर धरून ठेवणारा धातूचा बाँड कोट आणि सगळ्यात वर उष्णता अडवणाऱ्या झिर्कोनियाचा (झिर्कोनियमच्या ऑक्साइडचा) पांढरा थर. हे थर किती फेऱ्या टिकतात ते बघायचं. ११०० अंश सेल्सिअसला तासभर ठेवायची, पंख्याखाली गार करायची, भिंगातून बघायची, पुन्हा आत.

पहिल्या खेपेत बटणांच्या कडांवरचा थर फार लवकर उचलला. मी दोष पावडरला दिला. नुसता झिर्कोनिया गार होताना स्फटिकरूप बदलून ४-५ टक्के फुगतो, म्हणून ते रोखायला त्यात ७-८ टक्के यिट्रिया हे दुसरं ऑक्साइड घालतात. यिट्रियाच कमी असणार, असं धरून आठवडा घालवला. पावडर चोख निघाली.

फवारणीची गन चालवणारे काका म्हणाले, "पोपडा फेकू नकोस, उलटा करून बघ."

खालची बाजू हिरवट राखाडी होती. बटण कापून पॉलिश केलं, तर बाँड कोट आणि झिर्कोनियाच्या मधोमध एक गडद रेघ. ती आम्ही फवारलेलीच नव्हती, भट्टीत वाढली होती. झिर्कोनिया उष्णता अडवतो, ऑक्सिजन अडवत नाही. ऑक्सिजन आत शिरतो आणि बाँड कोटमधल्या ॲल्युमिनियमशी मिळून ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, तयार होतो. हा थर हवाच असतो, कारण तो खालच्या धातूला वाचवतो. पण तो तासागणिक जाड होतो, आणि गार होताना धातू त्याच्यापेक्षा बराच जास्त आकसतो. त्यामुळे येणारा ताण काही गिगापास्कलपर्यंत, म्हणजे हवेच्या दाबाच्या कित्येक हजार पट, जातो. मग थर उचलतो आणि झिर्कोनियाला घेऊनच सुटतो.

हिरवट रंगाचं कारणही सापडलं. कडा धारदार ठेवल्यामुळे तिथे बाँड कोट पातळ बसला होता. त्यातलं ॲल्युमिनियम आधी संपलं आणि मग क्रोमियम-निकेलची ऑक्साइडं भराभर वाढली. पुढच्या खेपेला कडा गोल करून घेतल्या. ती बटणं कितीतरी जास्त फेऱ्या टिकली. त्या दिवशी झालेला आनंद मला अजून आठवतो.

ऑगस्टमध्ये मात्र नवंच झालं. संध्याकाळी बटण धड होतं, मी रजिस्टरला 'ठीक' लिहिलं. रात्रभर पाऊस. सकाळी टेबलावर त्याच बटणाशेजारी पांढरा पोपडा पडलेला! कुणी हात लावला नव्हता. काकांनी दुसऱ्या बटणाच्या उचललेल्या कडेवर पाण्याचा एक थेंब सोडला. काही क्षणांत टिक् आवाज आला आणि कड सुटली. ताणाखालच्या भेगेच्या टोकाशी ओलावा पोचला की ॲल्युमिनाची पकड ढिली होते, भेग पुढे सरकते.

आता बटणं भट्टीतून निघाली की सिलिका जेलच्या बरणीत जातात. रजिस्टरमध्ये मी 'दुसऱ्या दिवशी सकाळी' असा एक रकाना वाढवला आहे, आणि तो भरल्याशिवाय 'ठीक' लिहीत नाही.