वसईच्या किल्ल्यातला फ्रान्सिस्कन मठ

वसईच्या किल्ल्यात येणारे बहुतेकजण चिमाजी अप्पांच्या स्मारकापाशी थांबतात आणि तिथून बंदर दरवाज्याकडे निघतात. साहजिकच आहे, १७३९ चा तो विजय मलाही आपलाच वाटतो. पण या खेपेला मी मुद्दाम सेंट अँथनीच्या पडक्या चर्चकडे वळलो. फ्रान्सिस्कन संघाचं हे वसईतलं जुनं ठाणं.

छप्पर केव्हाच गेलंय, दगडी कमानी तेवढ्या उभ्या आहेत. चालताना मात्र नजर खाली ठेवावी लागते. एकाला एक लागून थडग्यांच्या शिळा, त्यांवर पोर्तुगीज मजकूर आणि घराण्यांची चिन्हं. काही अक्षरं पावसाने इतकी झिजलीत की ती डोळ्यांआधी बोटांना कळतात.

असिसीच्या फ्रान्सिसने १२०९ मध्ये हा संघ उभा केला तो गरिबीच्या व्रतावर. स्वतःचं म्हणून काही ठेवायचं नाही, गावोगाव फिरून उपदेश करायचा, महारोग्यांची सेवा करायची. कमरेच्या दोरीला तीन गाठी: दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन. आणि अशा फकिरांच्या मठात या सरदार-उमरावांच्या कबरी! १५०० साली पोर्तुगीज दर्यावर्दी काब्रालच्या ताफ्यातून हा संघ भारतात आला, तेव्हापासून सत्तेची सोबत त्याला सुटली नाही. याच संघाच्या अंतोनियो द पोर्तोने बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यातल्या शिवमंदिराचं चर्च केलं. हे वाईटच झालं, आणि ते वगळून इथल्या मिशनचा इतिहास सांगू नये.

तरीही मी इथे आलो तो गोन्सालो गार्सियासाठी. बाप पोर्तुगीज, आई इथलीच, जन्म १५५६ च्या सुमारास वसईत. किशोरवयातच तो येशूसंघाच्या (जेझुइट) फादरांबरोबर जपानला गेला, तिथली भाषा अस्खलित बोलू लागला. इतकी वर्षं सेवा करूनही येशूसंघात त्याला प्रवेश काही मिळाला नाही. मग त्याने व्यापार केला, त्यात जमही बसला. शेवटी मनिलात सगळं सोडून तो फ्रान्सिस्कन ब्रदर झाला. १५९३ मध्ये फ्रान्सिस्कन फादर पेद्रो बाउतिस्ता जपानचा सत्ताधीश हिदेयोशीच्या भेटीला गेले, तेव्हा दुभाषा म्हणून सोबत हा वसईचा मुलगा होता. क्योतोत या मंडळींनी महारोग्यांसाठी दवाखाने काढले. संघाच्या मूळ व्रताला जागलेलं हे काम मला सर्वांत मोठं वाटतं.

१५९६ च्या अखेरीस हिदेयोशीची मर्जी फिरली. कानाचा तुकडा कापून या सगळ्यांना ऐन हिवाळ्यात नागासाकीपर्यंत नेलं आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी २६ जणांना क्रुसावर चढवलं. १८६२ मध्ये गोन्सालोला संतपद मिळालं. भारतात जन्मलेला तो पहिला कॅथलिक संत.

किल्ल्यातलं येशूसंघाचं जुनं चर्च आता दुरुस्त झालंय, आणि ते ओळखलं जातं संत गोन्सालो गार्सियांच्याच नावाने. ज्या संघात त्याला जागा मिळाली नाही, त्याच संघाचं हे चर्च! दोन्ही चर्च एकाच फेरीत होतात. आधी अँथनीचं बघा, मग इथे या. पावसाळ्यात मात्र थडग्यांच्या शिळांवर शेवाळ धरतं, तेव्हा जपून.