रसेल पीअर्स यांचे कायदे आणि माझी मतदार नोंदणी

अ‍ॅरिझोना राज्यात नोकरीला लागताना, आणि पुढे नागरिक झाल्यावर मतदार यादीत नाव घालताना मला जे पुरावे सादर करावे लागले, त्यांतील बऱ्याचशांच्या मागे रसेल पीअर्स नावाच्या एका लोकप्रतिनिधीचा आग्रह आहे. पीअर्स जानेवारी 2023 मध्ये वारले, आणि त्यांच्या आयुष्याच्या अखेरच्या दशकात त्यांच्याकडे कोणतेही निवडून आलेले पद नव्हते. तरीही त्यांनी करवून घेतलेल्या कायद्यांतून इथे आलेल्या प्रत्येकाला जावे लागते. चिप कारखान्यांच्या कामामुळे फिनिक्स आणि चँडलर परिसरात मराठी कुटुंबे वाढत आहेत आणि या कागदपत्रांविषयी वारंवार विचारणा होते, म्हणून हा अनुभव लिहून ठेवतो.

मी 2009 साली कुशल कामगारांसाठीच्या एच-1बी व्हिसावर आलो आणि मेसा शहराच्या पश्चिम भागात भाड्याने राहू लागलो. मेसा हे मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी वसवलेले शहर, आणि राज्याच्या विधिमंडळात त्या भागाचे सिनेटर खुद्द पीअर्स होते. त्यांची उमेदीची वर्षे मॅरिकोपा काउंटीच्या (काउंटी म्हणजे जिल्हा) शेरीफ कार्यालयात, म्हणजे तिथल्या पोलीस दलात, गेली होती. 1977 साली ड्यूटीवर असताना त्यांच्यावर गोळीबार झाला आणि त्यात त्यांच्या एका बोटाचा भाग तुटला. 2004 मध्ये त्यांचा मुलगा, तोही शेरीफचा डेप्युटी, बेकायदा देशात राहणाऱ्या एका इसमाच्या गोळीने जखमी झाला. विरोधकांनी पीअर्स यांना वर्णद्वेष्टे म्हटले आणि समर्थकांनी शब्दाला जागणारा माणूस म्हटले. 2006 मध्ये गौरवर्णीय वर्चस्ववादी संघटनेचा एक लेख समर्थकांना ई-मेलने पाठवल्याबद्दल त्यांना माफी मागावी लागली होती. ही बाजू लपवून त्यांच्याविषयी लिहिता येणार नाही, आणि गोळीबारांचा इतिहास वगळूनही नाही.

माझा पहिला संबंध आला तो वाहन परवान्याच्या कार्यालयाशी. गंमत अशी की नव्वदच्या दशकात या खात्याचे प्रमुखही पीअर्सच होते. 1999 मध्ये त्यांना त्या पदावरून दूर करण्यात आले. अ‍ॅरिझोनाचा परवाना तेव्हा साधारणपणे वयाच्या 65 व्या वर्षापर्यंत चालत असे, पण व्हिसाधारकाचा परवाना त्याच्या अधिकृत वास्तव्याची मुदत संपते त्या दिवशी संपतो. त्यामुळे मुदतवाढ मिळाली की पासपोर्ट, आय-94 (देशात प्रवेशाची नोंद) आणि मंजुरीची नोटीस घेऊन पुन्हा खिडकीपाशी जायचे, असा क्रम बरीच वर्षे चालला. या परवान्यावर खात्याच्या संगणकात ‘परदेशी नागरिक’ अशी नोंद असते. त्या नोंदीचे महत्त्व मला फार पुढे कळले.

23 एप्रिल 2010 रोजी राज्यपाल जॅन ब्रूअर यांनी एसबी 1070 या स्थलांतरविषयक विधेयकावर सही केली. विधेयक पीअर्स यांचे होते. अंमलबजावणी इतकी कडक करायची की बेकायदा राहणारे लोक आपणहून राज्य सोडून जातील, हे धोरण त्या कायद्याच्या हेतुवाक्यातच नमूद होते. पोलिसांनी दुसऱ्या एखाद्या कायद्याखाली अडवलेल्या माणसाविषयी ‘वाजवी संशय’ आल्यास त्याच्या वास्तव्याची कायदेशीर बाजू तपासायची, आणि परदेशी व्यक्ती म्हणून सरकारदरबारी झालेल्या नोंदणीचे कागद जवळ नसणे हा राज्याचाही गुन्हा ठरवायचा, ही त्यातील मुख्य कलमे होती. अठरा वर्षांवरील परदेशी व्यक्तीने नोंदणीचा पुरावा जवळ बाळगावा, असा केंद्रीय कायदा कित्येक दशकांपासून आहे, पण आमच्यापैकी कोणी तो पाळत असल्याचे मला आठवत नाही. त्या उन्हाळ्यापासून मात्र दूध आणायला जातानाही गाडीत पासपोर्ट असे.

आमच्या मंडळात यावर सरळ दोन तट पडले. आपण रांगेत उभे राहून, फी भरून, नियमाने आलो, मग कायदा आपल्याला कशाला लागेल, असे एका बाजूचे म्हणणे होते. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे होते की संशय कागद पाहून येत नाही, तो चेहरा पाहून येतो, आणि सावळ्या माणसाने टी-शर्ट घातला की तो कोणत्या व्हिसावर आहे हे रस्त्यावर कोणालाच दिसत नाही. मी दुसऱ्या बाजूचा होतो आणि आजही आहे. मला कोणी अडवले नाही, एवढेही प्रामाणिकपणे सांगतो. जून 2012 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कागद जवळ बाळगण्याच्या कलमासह तीन कलमे रद्द केली. पोलिसांच्या तपासणीचे कलम मात्र त्या वेळी राहू दिले.

त्याआधीचे 2011 हे वर्ष पीअर्स यांच्या सत्तेचा कळस आणि अखेर, दोन्ही ठरले. जानेवारीत ते सिनेटचे अध्यक्ष झाले आणि जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वाला हात घालणाऱ्या विधेयकांचा विषय पुढे आला. आमच्या घरी तेव्हा बाळाची चाहूल होती. रोख बेकायदा राहणाऱ्यांच्या मुलांवर होता, पण मसुद्याची भाषा वाचून व्हिसाधारकांच्या मुलांचे काय, हा प्रश्न आम्हाला पडला आणि त्याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. मार्चमध्ये 60 उद्योगप्रमुखांनी पीअर्स यांना पत्र लिहून राज्याने असे आणखी कायदे करू नयेत अशी विनंती केली, आणि काही दिवसांत सिनेटने स्थलांतरविषयक पाचही विधेयके फेटाळली. त्यांच्याच पक्षाच्या काही सदस्यांनी त्यांना साथ दिली नाही.

मग सह्यांची मोहीम सुरू झाली. निवडून दिलेल्या सदस्याला मुदतीआधी परत बोलावण्यासाठी 7,756 वैध सह्या लागत होत्या. दहा हजारांहून अधिक वैध ठरल्या. त्याच वर्षी अण्णा हजारे भारतात राइट टू रिकॉलची मागणी करत होते आणि मराठी वर्तमानपत्रांत ते कसे शक्य आहे यावर चर्चा चालली होती, तेव्हा इथे आमच्याच गल्लीत माणसे दारोदार जाऊन ते करत होती. मला सही करण्याचा अधिकार नव्हता. दार उघडून तसे सांगावे लागे. 8 नोव्हेंबर 2011 रोजी पीअर्स हरले. अ‍ॅरिझोनाच्या इतिहासात अशा रीतीने पद गमावणारे ते पहिले आमदार ठरले. त्यांना हरवणारे जेरी लुईस हे त्यांच्यासारखेच रिपब्लिकन आणि मॉर्मन होते. मेसाने विचारसरणी बदलली असे म्हणता येत नाही, तिथल्या लोकांनी माणूस बदलला. पुढच्या वर्षी पीअर्स यांनी पुन्हा प्रयत्न केला, पण पक्षांतर्गत निवडणुकीतच ते पराभूत झाले.

त्यांची गादी गेली, पण कायदे राहिले. पुढे मी नोकरी बदलली तेव्हा आय-9 अर्जानंतर (नोकरीची पात्रता दाखवणारा अर्ज) कंपनीने माझी माहिती ई-व्हेरिफाय या, काम करण्याचा हक्क तपासणाऱ्या केंद्रीय संगणक प्रणालीत भरली. देशात अनेक ठिकाणी हे ऐच्छिक आहे. अ‍ॅरिझोनात पीअर्स यांच्या 2007 च्या कायद्याने ते सर्व मालकांना बंधनकारक झाले, आणि जाणूनबुजून बेकायदा कामगार ठेवणाऱ्याचा व्यवसाय परवाना दुसऱ्या गुन्ह्याला कायमचा रद्द होऊ शकतो. हा कायदा सर्वोच्च न्यायालयातही टिकला. माझी मंजुरी लगेच आली. खरे सांगायचे तर हा त्यांचा मला सर्वांत कमी आक्षेपार्ह वाटणारा कायदा आहे, कारण त्यात मालकालाही जबाब द्यावा लागतो आणि तपासणी कोणाच्या नजरेवर सोडलेली नाही.

ग्रीन कार्डाच्या रांगेविषयी भारतीय वाचकांना वेगळे सांगायला नको. 2024 मध्ये नागरिकत्वाची शपथ झाली आणि मी राज्याच्या संकेतस्थळावर परवान्याचा क्रमांक देऊन मतदार नोंदणी केली. काही आठवड्यांनी काउंटीकडून पत्र आले की नागरिकत्वाचा पुरावा मिळेपर्यंत नोंदणी पूर्ण होणार नाही. ही तरतूद मतदारांनी थेट मतदानाने मंजूर केलेल्या 2004 च्या प्रपोझिशन 200 ची, आणि तिच्या पुरस्कर्त्यांत पीअर्स आघाडीवर होते. ऑक्टोबर 1996 नंतर दिलेला राज्याचा परवाना हा एरवी पुरावा धरला जातो, पण माझ्या परवान्यावर ती जुनी ‘परदेशी नागरिक’ नोंद होती. शपथ घेतल्याने ती आपोआप पुसली जात नाही.

नव्याने नागरिक होणाऱ्यांनी कागदी अर्ज घ्यावा आणि त्यात परवान्याऐवजी आपला ‘ए’ क्रमांक, म्हणजे परदेशी नोंदणी क्रमांक, लिहावा. काउंटी तो केंद्र सरकारच्या नोंदींशी ताडून पाहते. अमेरिकी पासपोर्टची छायाप्रत जोडली तरी चालते. मी छायाप्रत पाठवली आणि नोंदणी झाली. त्यानंतर परवाना कार्यालयात जाऊन तिथली नोंदही बदलून घ्यावी. पुरावा न देता केंद्रीय अर्ज भरला तरी नोंदणी होते, पण अशा मतदाराला केवळ केंद्रीय पदांसाठी मत देता येते. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याला केंद्रीय अर्ज स्वीकारायला लावल्यापासून ही दुहेरी व्यवस्था आहे. आमदार निवडायचा असेल तर पुरावा द्यावाच लागतो.

2024 च्याच सप्टेंबरमध्ये एक अजब गोष्ट उघड झाली. 1996 च्या आधी परवाना मिळालेल्या लोकांनी पुढे कधी तरी त्याची नवी प्रत घेतली, तेव्हा संगणकाने नवी तारीख धरली आणि पुरावा न देताच ते पूर्ण मतदार ठरले. सुरुवातीला 98 हजार, नंतर 2 लाखांच्या वर नावे निघाली. यांत बरेचसे दीर्घकाळचे रहिवासी होते, आणि त्यांत रिपब्लिकनांची संख्या सर्वांत मोठी होती. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना त्या निवडणुकीत पूर्ण मतदान करू दिले, आणि पुढे काउंट्यांनी त्यांना पुराव्यासाठी पत्रे धाडायला सुरुवात केली. आमच्या शेजारच्या आजोबांना ते पत्र आले. ते पीअर्स यांचे जुने मतदार. जन्मदाखल्याची छायाप्रत पुरते, परवान्याची चालणार नाही, हे मीच त्यांना समजावून सांगितले.