तुर्की लॉग, आठवडा ११: एक ‘न’ आणि इस्तंबूलचे दोन बाजार

विभक्ती संपल्या म्हणून मागच्या वेळी फुशारकी मारलेली, ती परत घेतो. एव म्हणजे घर, एवे घरी, एवदे घरात, एवदेन घरातून, इथवर झोपेतही येतं. मग घराला मालक आले आणि बोंब झाली. एविम माझं घर, एविन तुझं, एवी त्याचं किंवा तिचं (तुर्कीत लिंगच नाही, तेवढं एक सुख). आधी मालक, मग विभक्ती, म्हणून एविमदे, माझ्या घरात. तर मी ‘त्याच्या घरात’साठी बिनधास्त एविदे लिहीत सुटलो, आणि सगळं चूक, कारण तिसऱ्या पुरुषाच्या मालकीपुढे विभक्ती आली की मध्ये एक न घुसतो, एविन्दे.

आपण कसं बागत नाही म्हणत, बागेत म्हणतो, तसलंच काहीतरी समजून चाललोय. फक्त आपलं सामान्यरूप सगळीकडे लागतं, यांचा न ठराविक ठिकाणीच.

डोक्यात प्रकाश पडला तो बाजारात. चार्शी म्हणजे बाजार (शेवटचा तो बिनटिंबाचा इ, देवनागरीत कसा लिहू, असो). कापालीचार्शी, म्हणजे झाकलेला बाजार, इथे कापाली विशेषण, मालकी नाही, त्यामुळे ‘बाजारात’ नुसतं कापालीचार्शीदा (दा म्हणजे मघाचाच दे, आधीचा स्वर बघून बदललेला). पण मसाल्याचा तो मिसिर चार्शिसी, इजिप्तचा बाजार, नाम अधिक नाम, म्हणून शेपटीला सी, म्हणजे एवीतली तीच तिसऱ्या पुरुषाची मालकी, आणि मग मिसिर चार्शिसिन्दा! नकाशा उघडून बसलो तर सराय, मैदान, युनिव्हर्सिटी, जिकडेतिकडे हीच शेपटी.

एक भानगड आहेच. एविन्दे म्हणजे ‘तुझ्या घरात’ पण होतं, एविन अधिक दे. ऐकून कळायचं नाही, पुढेमागे सेनिन (तुझं) की ओनुन (त्याचं) आहे ते बघायचं. आराबा म्हणजे गाडी, तिथे मात्र स्वर शेवटी असल्यामुळे आराबान्दा तुझ्या गाडीत आणि आराबासिन्दा त्याच्या गाडीत, गोंधळच नाही. तुर्कीच्याच भाऊबंद उझबेकवाल्यांची तर मजाच आहे राव, त्यांनी हा न टाकूनच दिला, उयिदा त्याच्या घरात, उयिंगदा तुझ्या.

पुढचा नंबर अनेकवचनाचा. एवलेरी म्हणजे त्याची घरं, त्यांचं घर, त्यांची घरं, आणि वर कर्माची विभक्ती लागलेली नुसती घरंसुद्धा. हे वाचून वही मिटली, चहा टाकला.