चव्वेचाळिसाव्या वर्षी दगड झालेली झडप

डायलिसिसला दोन तास झाले की तिचं बीपी कोसळायचं. पाणी काढण्याचा वेग कमी केला, ड्राय वेट (जादा पाणी काढून झाल्यावरचं ठरवलेलं वजन) वाढवून दिलं, तरी तेच. त्या दिवशी मशीन चालू असतानाच मी स्टेथोस्कोप लावला. छातीच्या उजव्या बाजूला वरती खरखरीत आवाज, थेट मानेपर्यंत जाणारा. हातातल्या फिस्टुलाचा (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेल्या मार्गाचा) आवाजही छातीत ऐकू येतो, पण तो अखंड चालतो. हा ठोक्यागणिक उठत होता, विरत होता.

इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, महाधमनीची झडप कॅल्शियम साचून पांढरीफटक दिसली. निरोगी झडप तीन-चार चौरस सेंटिमीटर उघडते, हिची जेमतेम ०.८. वय ४४. आधीच्या इकोत फक्त ‘झडप थोडी जाड’ एवढीच नोंद होती. एरवी सत्तरी ओलांडलेल्यांत दिसणारा हा आजार किडनीच्या रुग्णांना ऐन उमेदीत गाठतो आणि भराभर वाढतो.

“किडनी गेली ते समजलं, पण हृदयाचं काय बिघडलं?” तिने विचारलं.

मी पलंगाशेजारी बसलो. किडनी थकली की फॉस्फेट रक्तात साचतं. डायलिसिसच्या एका सत्रात साधारण ८०० ते १००० मिलिग्रॅम निघतं, आणि जवळपास तेवढंच रोजच्या जेवणातून आत येतं. आठवड्याच्या तीन सत्रांत हिशोब जुळणार कसा? मग मानेतली पॅराथायरॉइड ग्रंथी पेटून उठते, हाडांतून कॅल्शियम-फॉस्फेट ओढून काढते. मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट पुढची आहे: झडपेतल्या पेशी स्वतःच हाड घडवणाऱ्या पेशींसारख्या वागू लागतात. तिथे नुसता क्षार साचत नाही, झडपेत हाड तयार होऊ लागतं.

“यावर गोळी नाही?”

झडप एवढी अरुंद झाल्यावर नाही. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांकडून मोठी आशा होती, चाचण्यांत ती फोल ठरली. पॅराथायरॉइडला आवर घालणाऱ्या सिनाकॅल्सेटने २०११च्या ‘अ‍ॅडव्हान्स’ चाचणीत झडपेतलं कॅल्शियम वाढण्याचा वेग कमी केलेला दिसला. पण २०१२च्या ‘इव्हॉल्व्ह’ या मोठ्या चाचणीत मृत्यू आणि हृदयविकार निःसंशय कमी झाले असं म्हणता आलं नाही. डायलिसिसच्या वेळीच शिरेतून द्यायचं एसएनएफ४७२ हे प्रायोगिक औषध मला अधिक आशादायक वाटतं. ते कॅल्शियमच्या स्फटिकांची वाढच रोखतं. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कॅलिप्सो’ चाचणीत वर्षभरात झडपेतल्या कॅल्शियमचं आकारमान औषध न मिळालेल्यांत सरासरी ९८ टक्के वाढलं, औषध मिळालेल्यांत १४ टक्के. त्याने आयुष्य वाढतं का, हे त्या चाचणीवरून ठरत नाही. तरीही झडप जाड होऊ लागते त्याच टप्प्यावर देता येईल असं औषध आपल्या हाती हवं, असं मला मनापासून वाटतं.

तिला शस्त्रक्रियाच लागणार होती. कोणती झडप बसवायची, यावर सर्जन आणि मी बराच वेळ बोललो. एवढ्या कमी वयात धातूची बसवण्याकडे कल असतो, पण मग जन्मभर वॉरफरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी, आणि वॉरफरिन रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचण्याला हातभार लावतं. शिवाय डायलिसिसवर रक्तस्रावाची भीती. प्राण्याच्या ऊतीची झडप आमच्या रुग्णांत लवकर खराब होते. हे सगळं तिच्यासमोर मांडलं. तिने ऊतीची निवडली.

“तोवर किडनी मिळेल ना?”

अरुंद झडपेमुळे प्रत्यारोपणाच्या यादीत तिचं नाव घेता येत नव्हतं. शस्त्रक्रियेनंतर ते घेतलं.