तुम्ही विचारलंत म्हणून: पडद्यावर काय यावं असं वाटत होतं?

"कवटी उघडायची की नाही, हे तुम्ही सर्जन असून कम्प्युटरला कसं विचारता?" व्याख्यान संपलं की कुणीतरी हे विचारतंच. ज्युनिअर विचारतात, घरातली माणसंही विचारतात. चाचणीत कुठल्या रुग्णाला कोणता उपचार मिळणार हे कम्प्युटर चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवतो, त्याबद्दलचा हा प्रश्न. माझं उत्तर ठरलेलं असतं: आम्हाला खरोखर माहीत नसतं, म्हणून. उत्तर खोटं नाही, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं मी आजवर टाळत आले.

आधी माझी बाजू मांडते. डोक्याला जबर मार लागलेल्या रुग्णाला स्टेरॉइड द्यायचं, असं आम्हाला शिकवलं गेलं. मेंदूची सूज उतरेल हा तर्क इतका सरळ होता की शंका काढणारा माणूसच निर्दय वाटायचा. २००४ साली 'क्रॅश' चाचणीचा निकाल आला. १०,००८ रुग्ण होते. स्टेरॉइड दिलेल्यांपैकी २१.१ टक्के दोन आठवड्यांत दगावले, न दिलेल्यांपैकी १७.९ टक्के. एवढा फरक एका वॉर्डात बसून कुणाच्याही लक्षात येत नाही, अख्खी नोकरी त्या वॉर्डात काढली तरी नाही. रेसिडेंट असताना ती इंजेक्शनं मी माझ्या हाताने दिली आहेत. 'डॉक्टरांच्या अनुभवावर सोडा ना' असं कुणी म्हटलं की मला ती आठवतात. अनुभवावरच सोडलं होतं.

कवटी उघडण्याचंही तसंच. मेंदू सुजतो, कवटी ताणली जात नाही, आतला दाब वाढत जातो आणि रक्त पोचेनासं होतं. हाडाचा मोठा तुकडा काढून ठेवला की मॉनिटरवरचा आकडा डोळ्यांदेखत खाली येतो. तो खाली येताना पाहिला की आपण काहीतरी केलं असं वाटतं. मग २०११ मध्ये 'डेक्रा' आली. १५५ रुग्णांची चाचणी. दाब उतरला, पण सहा महिन्यांनंतर वाईट अवस्थेत असलेले ऑपरेशनच्या गटात ७० टक्के निघाले आणि औषधांच्या गटात ५१. माझा आक्षेप होता की त्यांनी घाई केली. तासाभरात पंधरा मिनिटं दाब वीसच्या वर राहिला की ते ऑपरेशनला घेत होते. औषधं थकल्यावर, उशिरा केलं तर काय होईल? ते तेव्हा कुणालाच सांगता येत नव्हतं. तोच प्रश्न घेऊन आमच्याकडे एक छोटा अभ्यास सुरू झाला.

त्यात तिशीचा एक माणूस आला, दुचाकीवरून पडलेला. संमतीसाठी त्याचा मोठा भाऊ समोर बसला. अर्धा तास मी त्याला दोन्ही बाजू समजावल्या. त्याने विचारलं, "तुमचा सख्खा भाऊ असता तर?" मी म्हणाले, "मलाही ठरवता आलं नसतं." त्याने सही केली.

खरं असं होतं की सीटी पाहिल्यापासून माझा कल ऑपरेशनकडे होता. वय कमी, दोन्ही बाहुल्या प्रकाशाला आकसत होत्या, काढून टाकण्यासारखी रक्ताची गाठ कुठेच नव्हती, नुसती सूज. माहिती भरून बटण दाबलं. पडद्यावर 'औषधं' असं आलं आणि माझ्या पोटात खड्डा पडला.

नियमात सूट होती. रुग्ण खालावला तर औषधांच्या गटातूनही ऑपरेशनला घेता येत होतं, आणि तो निर्णय माझा होता. बार्बिट्युरेट, म्हणजे मेंदूला गाढ झोपवून दाब उतरवणारं औषध, सुरू केलं. दाब ३१ होता, तो २४ वर आला. साडेतीनला पुन्हा २८. मी थांबले. २८ ला 'खालावला' म्हणायचं का? त्या वेळी मणक्याच्या चकतीवरची 'स्पोर्ट' चाचणी मी विद्यार्थ्यांना शिकवत होते. तिथे ऑपरेशनच्या गटातल्या निम्म्याच लोकांनी तीन महिन्यांत ऑपरेशन करून घेतलं, दुसऱ्या गटातल्या ३० टक्क्यांनी मात्र ते करून घेतलं, आणि दोन गटांची तुलनाच विस्कटली. आपल्या अभ्यासाचं तसं होऊ नये, हे त्या रात्री माझ्या डोक्यात होतं का? होतं. त्यामुळेच थांबले का? रोज वेगळं उत्तर येतं. औषधाला वेळ द्यायला हवा होता, हेही खरं आहे.

पाच वाजता डावी बाहुली मोठी झाली, म्हणजे मेंदू दाबला जात होता. वीस मिनिटांत त्याला थिएटरमध्ये घेतलं. हाड काढल्याबरोबर मेंदू फुगून वर आला, कातडी जुळवताना हात थरथरले. तिसऱ्या दिवशी तो गेला.

महिन्याभराने भाऊ आला. भांडायला नव्हता आला. म्हणाला, "डॉक्टर, कागदावरचं सगळं कळलं होतं मला. एवढंच सांगा, पडद्यावर काय यावं असं तुम्हाला वाटत होतं?"

मी म्हणाले, "काहीच नाही."

तो थोडा वेळ बघत राहिला. "बरं," म्हणाला आणि उठला.

वैद्यकीय नीतिशास्त्राचे अभ्यासक बेंजामिन फ्रीडमन यांनी १९८७ मध्ये मांडलं की अनिश्चितता तज्ज्ञांच्या समुदायात असली की पुरे, एकेका डॉक्टरच्या मनाचा काटा मधोमध असण्याची गरज नाही. मला ते पटतं. माझा कल म्हणजे पुरावा नव्हता. तसाच कल स्टेरॉइडकडेही होता. पण भावाने समुदायाचं विचारलंच नव्हतं. त्याने माझं विचारलं होतं, आणि तेवढंच मला नक्की ठाऊक होतं.

२०१६ मध्ये 'रेस्क्यू आयसीपी'चा निकाल आला, उशिरा केलेल्या ऑपरेशनचा. ४०८ रुग्ण. सहा महिन्यांत मृत्यू ऑपरेशनच्या गटात २६.९ टक्के, औषधांच्या गटात ४८.९. एवढं वाचून मी खुर्चीतून उठले. पुढचं नंतर वाचलं. शंभर जणांवर ऑपरेशन केलं तर बावीस जास्त जगतात, पण त्यातले सहा भानावर येतच नाहीत, आठ जणांना सतत कुणीतरी सोबत लागतं आणि उरलेले आठ निदान घरातल्या घरात आपलं आपण करतात. तो या बावीसांत असता का, आणि असता तर कोणत्या आठांत? हे त्या आकड्यांतून निघत नाही. आमचा अभ्यास तर पुरेसे रुग्ण न मिळाल्याने मध्येच बंद पडला. त्याचं नाव कुठल्याच निष्कर्षात नाही. 'पुढच्यांच्या उपयोगी पडेल' असं मी भावाला सांगितलं होतं.

आता संमती घेताना माझा कल मी आधीच सांगते. सहकारी चिडतात. तुमचा कल ऐकला की नातेवाईक तेच मागणार, मग अभ्यास कसा व्हायचा, म्हणतात. त्यांचं बरोबर आहे. त्यामुळे काही जण नकार देतात. तरी मी सांगते.

भावाचा फोन नंबर फाइलमध्ये आहे. मला ऑपरेशनच हवं होतं, असं त्याला आज सांगितलं तर त्याला जे हवं होतं ते मिळेल की आपण केलेली सही त्याला नव्याने छळायला लागेल, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.